जोडी व्हिटाकरचा पहिला सीझन: डॉक्टर आली, पण तिला करायला काय दिलं?

निळी_पेटी | ६ जानेवारी २०१९, रात्री १०.४०

नववर्षाचा विशेष भागही बघून झाला, म्हणजे 'डॉक्टर हू'चा अकरावा सीझन आता खऱ्या अर्थाने संपला. ऑक्टोबरपासून इथे तीन वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांत बोलणं चाललंय आणि त्यातली निम्मी भांडणं आहेत. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. स्पॉयलर भरपूर आहेत. बघायचं बाकी असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर बोंब मारू नये.

नवख्यांसाठी थोडक्यात: ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. 'डॉक्टर' नावाचा परग्रहावरचा एक भटक्या, बाहेरून पोलिसांची निळी पेटी आणि आतून वाडाच्या वाडा असलेल्या यानात बसून काळात हिंडतो. यानाचं नाव टार्डिस. १९६६ मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा तोडगा निघाला की हा प्राणी मरायला टेकला की त्याचं शरीर आणि चेहरा बदलतो. त्या एका पळवाटेवर मालिका अजून जगतेय. १६ जुलै २०१७ ला, विम्बल्डनची पुरुषांची फायनल संपल्या संपल्या, पुढचा चेहरा जाहीर झाला आणि तो बाईचा निघाला. पुढे काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

आता मुद्दा. जोडी व्हिटाकर मला आवडली. पहिल्या भागात शेफिल्डचे स्टीलचे चमचे वितळवून स्वतःचा सॉनिक स्क्रूड्रायव्हर (डॉक्टरचं नेहमीचं हातातलं यंत्र) घडवते, डोळ्यावर गॉगल, ठिणग्या उडतायत, चेहऱ्यावर नवीन खेळणं मिळालेल्या पोराचा आनंद. मी तिथेच विकला गेलो. पण दहा भाग झाले तरी मला कळलं नाही की या डॉक्टरला राग कशाचा येतो. प्रत्येक डॉक्टरच्या पोटात काहीतरी काळं असतं. हिच्या आधीचा डॉक्टर कपाल्डी, त्याच्या पहिल्या सीझनमध्ये तो विचारत होता की मी भला माणूस आहे का. हिला तसा प्रश्नच पडू दिला नाही. टार्डिसमध्ये तीन तीन सोबती कोंबले (ग्रॅहम, रायन, यास), मग संवाद चौघांत वाटायचे, तर हिच्या वाट्याला उरतं ते यंत्राची माहिती सांगणं आणि 'चला पळा' म्हणणं.

त्यात सीझनच्या दहा भागांत एकही जुना शत्रू नाही, दोन भागांची एकही कथा नाही. नवीन प्रेक्षकाला सोपं जावं म्हणून केलं असेल. पहिल्या भागाला एक कोटी नऊ लाखांहून जास्त ब्रिटिश प्रेक्षक मिळाले, म्हणजे ते साधलं. पण नवीन डॉक्टरची ताकद कळायला समोर तोलामोलाचं कोणी नको का? ज्याने पहिल्या भागात तोंडावर लोकांचे दात चिकटवून घेतले होते, तोच शेवटच्या भागात परत. त्याला पाहून माझी आई म्हणाली, "याला डेंटिस्टकडे न्या."

माझं मत एवढंच: नटीत खोट नाही, लेखणीत आहे. बोला.

---

मीठ_भाकर | ६ जानेवारी, ११.०५

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

घुम्या | ६ जानेवारी, ११.३२

नटीत खोट नाही याच्याशी हजार टक्के सहमत. 'ब्रॉडचर्च' बघितलीय का? तीही क्रिस चिबनॉलचीच. समुद्रकिनाऱ्यावर पोलिसांची पट्टी ओलांडून ती पळत जाते आणि चादरीखालून बाहेर आलेले बूट बघून ओळखते की हा आपलाच मुलगा. ते दृश्य ज्या माणसाने तिच्याकडून करून घेतलं, तोच माणूस आता तिचा डॉक्टर लिहितोय. म्हणजे या बाईला काय जमतं हे जगात सगळ्यात चांगलं त्यालाच ठाऊक. आणि त्याने तिला काय दिलं? रंगीत पट्ट्यांचा टीशर्ट.

(टीशर्ट आवडला. पिवळे गॅलिस पण.)

---

तिसरी_घंटा | ७ जानेवारी, सकाळी ७.५०

बाई डॉक्टर झाली म्हणून परदेशात जो गहजब झाला त्याचं मला हसू येतं. आपल्याकडे 'एकच प्याला'तली सिंधू बालगंधर्वांनी उभी केली आणि बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. नट कोण आणि पात्र कोण, हे वेगळं ठेवायची सवय मराठी प्रेक्षकाला शंभर वर्षांची आहे. आणि रोज संध्याकाळच्या मालिका बघणाऱ्यांना तर विचारूच नका. सोमवारी सून वेगळी, मंगळवारी वेगळी, मंगळसूत्र तेच. पडद्याखाली एक ओळ सरकते, सासू तिला त्याच नावाने हाक मारते, आणि आपण भाजी निवडत बसतो.

पण मला वेगळ्याच कारणासाठी लिहायचंय. वर निळी_पेटी यांनी 'तो हिंडतो' असं लिहिलं, आणि शीर्षकात 'डॉक्टर आली'. इंग्रजीत क्रियापद बदलत नाही, त्यामुळे लेखकाला नुसतं सर्वनाम टाळलं की भागतं. मराठीत सुटका नाही, आला की आली ते प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. मग सगळ्या चेहऱ्यांचा मिळून जो एक डॉक्टर आहे त्याला काय म्हणायचं? बराच विचार केला आणि उत्तर दवाखान्याच्या बाकावर मिळालं. आपण कंपाउंडरला विचारतो, "डॉक्टर आलेत का?" बाई की बुवा, काही फरक पडत नाही. आदरार्थी बहुवचनात सगळे चेहरे मावतात.

---

मीठ_भाकर | ७ जानेवारी, ८.१०

तिसरी_घंटा, हे फारच भारी. आजपासून 'डॉक्टर आलेत'.

आणि कृपया आता कोणी 'हे म्हणजे आपले दशावतारच' असं लिहू नका. या मालिकेच्या प्रत्येक धाग्यात कोणीतरी लिहितंच.

---

कोकणी_मेवा | ७ जानेवारी, ८.२२

हे म्हणजे आपले दशावतारच.

---

शेफिल्डकर | ७ जानेवारी, दुपारी ४.१५

चार वर्षं या गावात राहतोय, त्यामुळे माझं मत धरू नका, मी पक्षपाती आहे. डॉक्टर सहसा लंडनमध्ये टपकायचे. यावेळी आमच्याकडे, रात्रीच्या लोकलवर छप्पर फोडून पडल्या. यासचं घर दाखवलंय ते पार्क हिल, रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीवरची काँक्रीटची लांबलचक वसाहत. माझ्या बसमधून रोज दिसते. बाकी बहुतेक शूटिंग कार्डिफला होतं हे माहीत आहे, तरी आमच्या ऑफिसातल्या लोकांनी दर सोमवारी 'तो रस्ता आपला का' यावर अर्धा तास घालवलाय.

आणि बोली! ती तिच्या स्वतःच्या यॉर्कशरच्या बोलीतच बोलते, हडर्सफील्डजवळच्या एका गावची आहे ती. विश्वाचं रक्षण करणारी व्यक्ती आमच्या वाण्यासारखी बोलते याचं इथल्यांना काय कौतुक. आपल्याकडे एखादा महानायक अस्सल वऱ्हाडीत बोलला, तेही विनोदासाठी नाही तर सरळ, तर नागपूरकरांना जसं वाटेल तसं.

बाकी तक्रारीशी सहमत. पण ग्रॅहमला हात लावाल तर याद राखा. कॅन्सरमधून उठलेला निवृत्त बस ड्रायव्हर, बायको पहिल्याच भागात गेली, नातू 'आजोबा' म्हणायला तयार नाही. ग्रॅहम झालेला ब्रॅडली वॉल्श इथे क्विझ शोचा सूत्रसंचालक म्हणून घराघरांत ठाऊक. त्याने असं रडवावं हे अपेक्षित नव्हतं.

---

गोदाम_नंबर_सात | ७ जानेवारी, रात्री ९.४८

मोबाईलवरून टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

मला सगळ्यात जास्त राग आला तो 'कर्ब्लॅम'चा. मी भिवंडीच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर होतो, आता सोडलं. कंपनीचं नाव नको. त्या भागात जे दाखवलंय, पायाला बांधलेला ट्रॅकर, दोन मिनिटं बोलत उभं राहिलं की यंत्रमानव मागे येऊन हटकणार, ते बघून घशाशी आलं. आमच्याकडे यंत्रमानव नव्हता, हातातलं स्कॅनर होतं. लघवीला गेलं तरी स्क्रीनवर मोकळा वेळ म्हणून लाल आकडा यायचा आणि तो मलाच पोरांना वाचून दाखवावा लागायचा.

मला वाटलं आता डॉक्टर या मालकांची सालटी काढणार. शेवटी काय? गुन्हेगार कोण, तर माणसांना काम मिळावं म्हणून घातपात करणारा एक कामगार. आणि ज्या यंत्रणेने त्याला धडा शिकवायला एका निरपराध मुलीचा जीव घेतला, ती यंत्रणा मात्र मनाने चांगली! डॉक्टर तिचीच बाजू घेऊन निघून गेल्या. राग कशाचा येतो हे कळत नाही असं वर लिहिलंय ना, मला तर उलटं वाटलं. इथे राग यायलाच हवा होता आणि आला नाही.

---

निळी_पेटी | ७ जानेवारी, १०.२०

गोदाम_नंबर_सात, एक नंबर प्रतिसाद. लाल आकड्याचं वाचून गप्प झालो. हा भाग मी 'फुगेवाल्या प्लॅस्टिकचा स्फोट' एवढ्यावर हसून सोडून दिला होता.

---

उल्हासनगरची_सून | ८ जानेवारी, दुपारी २.०५

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते.

इतका वेळ 'डीमन्स ऑफ द पंजाब'बद्दल कोणीच कसं बोललं नाही? ११ नोव्हेंबरला लागला होता, पहिलं महायुद्ध थांबलं त्याला शंभर वर्षं झाली त्या रविवारी. विनय पटेल यांनी लिहिलेला. यासच्या आजीचं, उम्ब्रीनचं, एक मोडकं घड्याळ आहे, त्याची गोष्ट शोधायला हे सगळे ऑगस्ट १९४७ मध्ये जातात. तिथे आजीचं लग्न ठरलंय, पण यासच्या आजोबांशी नाही, प्रेम नावाच्या एका हिंदू मुलाशी.

मी देशस्थ घरातली, सासर सिंधी. सासूबाई फाळणीनंतर आई-वडिलांसोबत कल्याण कॅम्पात आल्या तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. त्यालाच पुढे उल्हासनगर नाव पडलं. मी लॅपटॉपवर बघत होते, त्या मागे येऊन बसल्या. पहिला प्रश्न, "डॉक्टर कुठेय यात? आजारी कोण आहे?" दुसरा, "पंजाबात एवढे उघडे डोंगर कुठून आले?" बरोबरच होतं त्यांचं, शूटिंग स्पेनमध्ये ग्रानाडाकडे झालंय.

मग मेंदीचा प्रसंग आला. उम्ब्रीनच्या घरात बायका बसल्यात, डॉक्टरच्या हातावर मेंदी काढतायत, आणि ती म्हणते की पुरुष असताना हे कधी नशिबी आलं नाही. सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, मी अर्थ सांगितला तर खूप हसल्या. या सगळ्या सीझनमध्ये बाई असण्याचा डॉक्टरला झालेला हा एकमेव फायदा, आणि तो किती साधा.

परग्रहवासी खुनी असतील असं सगळ्यांना वाटतं. ते खुनी नसतात. जे एकटे मरतात त्यांच्या शेवटच्या क्षणी शेजारी उभं राहायला ते आलेले असतात. मारणारा असतो प्रेमचा सख्खा भाऊ, मनीष. आणि डॉक्टर प्रेमला वाचवू शकत नाही, कारण तो जगला तर यास जन्मणारच नाही. चौघं पाठ फिरवून चालत निघतात आणि मागे गोळीचा आवाज येतो. शेवटची नामावली नेहमीच्या धूनवर येत नाही, गायलेल्या सुरांवर येते.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या आईने येताना शिवणयंत्राचं नुसतं डोकं आणलं. टेबल तिकडेच राहिलं. पाटावर ठेवून एका हाताने फिरवायची." लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या, हे पहिल्यांदा ऐकलं. भागात शेवटी आजी घड्याळाची गोष्ट सांगायला निघते तर यास म्हणते, पुन्हा कधीतरी. मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, कुठल्या कंपनीचं होतं यंत्र? त्यांना आठवेना. रंग काळा आणि सोनेरी वेलबुट्टी, एवढं आठवत होतं.

---

घुम्या | ८ जानेवारी, ३.३०

__/\__

---

तिसरी_घंटा | ८ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

सूनबाई, लिहीत जा हो.

इतिहासापुरतं सांगतो: स्वातंत्र्य १४-१५ ऑगस्टला मिळालं, पण सीमारेषा नक्की कुठून जाते ते जाहीर झालं १७ ऑगस्टला. दोन दिवस लोकांनी झेंडे लावले, आपण कुठल्या देशात आहोत हे न कळता. ती रेषा आखणारे रॅडक्लिफ यापूर्वी भारतात कधी आलेही नव्हते आणि हातात जेमतेम पाच आठवडे. ही कथा त्याच दिवसांत ठेवलीय हे मला फार नेमकं वाटलं. ब्रिटिश मुलांनी रविवारी संध्याकाळी आई-वडिलांशेजारी बसून हे बघितलं, ही साधी गोष्ट नाही.

---

घुम्या | ९ जानेवारी, सकाळी ९.१५

हे वाचून 'रोझा' पुन्हा बघितला. १ डिसेंबर १९५५, माँटगोमेरी. रोझा पार्क्स या काळ्या बाईंना बसमध्ये गोऱ्यांसाठी जागेवरून उठायला सांगतात आणि त्या उठत नाहीत. एक गोरा खलनायक भविष्यातून येऊन ती घटनाच घडू नये म्हणून बसचं वेळापत्रक बिघडवतो, आणि आपली मंडळी ते पुन्हा जुळवत बसतात. शेवटी लक्षात येतं की बस भरलेली असायला हवी, तरच ड्रायव्हर त्यांना उठायला सांगेल. म्हणजे यांनी बसून राहायचं. ग्रॅहम, जो स्वतः बस चालवायचा, ज्याची बायको काळी होती, तो म्हणतो मला यात भाग घ्यायचा नाही. डॉक्टर त्याला उतरू देत नाही. तेव्हा व्हिटाकरचा चेहरा बघा. एक शब्द नाही.

आता निळी_पेटी, तुमच्या प्रश्नाकडे येतो. सीझनचे सर्वांत चांगले दोन भाग कुठले? बहुतेक जण हेच सांगतील. दोन्हींत डॉक्टरचं काम एकच: अन्याय घडतोय आणि तो घडेल याची काळजी घ्यायची. बाकीचे डॉक्टर लांबलचक भाषण ठोकून फौजा परत पाठवायचे. ही उभी राहून बघते. तुम्ही म्हणता तिला काही करायला दिलं नाही. मी म्हणतो तेच दिलंय.

---

निळी_पेटी | ९ जानेवारी, ११.४०

घुम्या, दोन भागांपुरतं मान्य. पण मग तो सूत्राचा भाग आहे की योगायोग? लेखकाने ठरवून साक्षीदार डॉक्टर लिहिली असती तर 'कर्ब्लॅम'मध्ये त्याची बोच दिसली असती. तिथे ती बघतसुद्धा नाही. मला वाटतं 'रोझा'च्या सहलेखिका ब्लॅकमन आणि पटेल या पाहुण्या लेखकांनी तिला जे दिलं ते घरच्या लेखकाने दिलं नाही.

'विचफाइंडर्स' घ्या, तोही पाहुण्या लेखिकेचा, जॉय विल्किन्सनचा. राजा पहिला जेम्स येतो, डॉक्टरला मदतनीस समजतो आणि ग्रॅहमला, तो पुरुष आहे आणि डोक्यावर टोपी आहे म्हणून, साहेब. मग तिला चेटकीण ठरवून साखळीने बांधून तळ्यात बुडवतात. पन्नास वर्षं ज्या माणसाने कुठेही जाऊन 'मी डॉक्टर' म्हटलं की लोक ऐकायचे, त्याचं आता कोणी ऐकत नाही. केवढा विषय! आणि तो आठव्या भागात येतो, एकदाच.

---

कोकणी_मेवा | ९ जानेवारी, दुपारी १२.०५

बेडकाबद्दल कोणीच बोलणार नाही का? एक अख्खं विश्व एकाकी आहे, त्याला मैत्रीण हवीय, आणि ते खुर्चीत बसलेल्या बेडकाच्या रूपात मृत बाईच्या आवाजात डॉक्टरशी गप्पा मारतं. आणि डॉक्टरला ते मनापासून आवडतं, निरोप घेताना वाईट वाटतं. मी त्या बेडकासाठी रडलो. माझा आयडी घालवा हवं तर.

---

शेफिल्डकर | ९ जानेवारी, ५.३०

बेडूक +१. ऑफिसात दोन तट पडले होते. बेडकाला हसलेल्या माणसाशी मी अजून नीट बोलत नाही.

---

निळी_पेटी | ६ जानेवारी २०२०, रात्री ११.१५

बरोबर एक वर्षाने धागा वर काढतोय. बारावा सीझन सुरू झाला, 'स्पायफॉल'चे दोन्ही भाग बघितले. शत्रू हवा म्हणत होतो ना? मिळाला. डॉक्टरचा जुना वैरी मास्टर परत आलाय आणि तो साशा धवन आहे! हाच नट २०१३ च्या, मालिकेच्या जन्मावरच्या टीव्हीपटात वारिस हुसेन झाला होता. वारिस हुसेन म्हणजे १९६३ च्या अगदी पहिल्या कथेचे दिग्दर्शक, लखनौत जन्मलेले, तेव्हा वय २४. वर्तुळ कसं फिरलंय बघा.

आणि व्हिटाकर! तो तिला चारचौघांत गुडघे टेकायला लावतो, स्वतःला 'मास्टर' म्हणवून घेतो, तेव्हा तिच्या डोळ्यात जे दिसतं त्याची मी दहा भाग वाट बघत होतो. घुम्या, हरलो असं समजू नका, पण जिंकलो मीच.

---

उल्हासनगरची_सून | ७ जानेवारी २०२०, सकाळी १०.३०

जिंकलात? दुसरा भाग परत बघा. १९४३ चं पॅरिस. मास्टर नाझी गणवेशात, काहीतरी युक्ती करून आपला खरा रंग त्यांना दिसू देत नाहीये. डॉक्टर ती युक्ती बंद पाडते, म्हणजे शिपायांना त्याचा सावळा चेहरा दिसेल आणि ते त्याला पकडतील. पकडतातही. आणि हे ती करते नूर इनायत खानच्या मदतीने, जी पुढल्याच वर्षी डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. डॉक्टरला ते ठाऊक आहे. ती नूरची आठवण पुसते आणि निघून जाते.

मला राग हवा होता, मान्य. पण हा?

---

गोदाम_नंबर_सात | ७ जानेवारी २०२०, १०.५२

तो मास्टर आहे हो, त्याने माणसं चिमटीएवढी करून मारलीत. त्याच्यावर दया कसली.

---

उल्हासनगरची_सून | ७ जानेवारी २०२०, ११.०४

दया त्याच्यावर नाही दाखवत मी. त्याला पकडून द्यायला हजार कारणं होती. तिने निवडलं ते त्याच्या कातडीचं.

---

निळी_पेटी | ७ जानेवारी २०२०, ११.३०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री परत बघतो आणि लिहितो.

---

मीठ_भाकर | ७ जानेवारी २०२०, ११.३१

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. सासूबाईंनी बघितला का हा भाग?

---

उल्हासनगरची_सून | ७ जानेवारी २०२०, ११.४५

नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी ती मेंदीवाली डॉक्टर आली का परत?" हो म्हटलं.